पाणी कुठं जातं, ते आधी बघ

पोरी, तू गोल्फ खेळायला लागलीस आणि स्विंगच्या जोडीनं जमिनीबद्दलही विचारायला लागलीस, याचा तुझ्या मामाला फार आनंद आहे. स्विंग शिकवायला क्लबात प्रो असतो. जमीन शिकवायला सहसा कुणी नसतं. माझं आयुष्य ग्रीनची निगा राखण्यात गेलं, तेव्हा जे हाती लागलं ते तुझ्या कानावर घालून ठेवतो.

सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. मैदान आखणारा आणि मैदान राखणारा, दोघांचाही खरा व्यवहार पाण्याशी असतो. पाणी कुठून येतं, कुठं थांबतं आणि कुठून निघून जातं, हे दिसायला लागलं की ग्रीनचे उतार, बंकरच्या जागा, गवताचा रंग, सगळं आपोआप उलगडत जातं.

भर पावसात मैदानावर जा

जुलैत खेळ बंद असला की बाकीचे घरी बसतात. तू छत्री घे आणि अठराही ग्रीन फिरून ये. नीट बांधलेल्या ग्रीनवरचं पाणी एकाच बाजूला धावत नाही, ते दोन-तीन दिशांना वाटून उतरतं. सगळं पाणी एकाच वाटेनं गेलं तर ती वाट कायम ओली राहते. लोक ग्रीनवर चढतात-उतरतात तीच ती जागा असली, तर ओल्या मातीवर पाय पडून माती दबते आणि गवत विरळ होतं. बंकरकडेही बघ. आसपासच्या उताराचं पाणी बंकरात न येता बाजूनं वळून जायला हवं. प्रत्येक सरीनंतर बंकराचं तळं होत असेल, तर दोष माळ्याचा नाही, आखणीचा आहे.

आपल्याकडे हे फार जपावं लागतं. मुंबईला पावसाळ्याच्या चार महिन्यांत २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पुण्याला वर्षभरात ७०० च्या आसपास. दोन्हीकडे एकच आखणी चालणार कशी? त्यातून काळी माती पावसात फुगते, पाणी पटकन जिरू देत नाही आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिथं उतार आणि चर यांवरच सारी भिस्त. मुरमाड जमीन त्या मानानं पाणी लवकर सोडते.

पावसात पाहिलेला मोठा उतार कायम लक्षात ठेव. पुढे कोरड्या दिवसात पुटची ओळ लावताना डोळे फसले, तर मनातल्या मनात तिथं बादलीभर पाणी ओत. ते जिकडे गेलं असतं, तिकडेच चेंडू वळतो.

वाळूचा मान ठेव

हा खेळ वाढला तो स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या रेताड कुरणांवर. लिंक्स म्हणतात त्यांना. वरून पाऊस पडला तरी वाळूत तो झिरपून जातो आणि जमीन घट्ट राहते. सेंट अँड्र्यूजचे ओल्ड टॉम मॉरिस १८५१ मध्ये प्रेस्टविकला मैदान राखायला गेले, पुढे आपल्या गावी परतले आणि १९०३ पर्यंत तिथलं मैदान सांभाळत राहिले. त्यांच्याबद्दल असं सांगतात की, एकदा वाळूची हातगाडी ग्रीनवर कलंडली, आणि काही दिवसांनी नेमकं तिथलंच गवत जास्त चांगलं दिसलं. गोष्ट घडली असेल वा नसेल. ग्रीनवर वाळू पसरण्याचा पाठ मात्र त्यांनी पक्का रुजवला आणि आजही जगभर तो चालतो.

त्याचं कारण समजून घे. गवताची मेलेली मुळं आणि खोडं मातीच्या वर साचत जातात, त्या थराला थॅच म्हणतात. तो जाड झाला की पाणी वरच धरून ठेवतो आणि ग्रीन लिबलिबीत होतं. थोडी थोडी वाळू वारंवार टाकली की थॅचमध्ये ती मिसळते, पाण्याला खाली वाट मिळते आणि पृष्ठभागही सपाट होतो. चेंडूला वाळूचे कण चिकटले म्हणून तोंड वाकडं करू नकोस.

अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं, म्हणजे यूएसजीएनं, १९६० मध्ये ग्रीन बांधायची एक पद्धत छापली. खाली निचऱ्याचे पाइप, त्यावर साधारण १० सेंटिमीटर खडी आणि त्यावर ३० सेंटिमीटर वाळूप्रधान माध्यम. बारीक वाळूतलं पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. ते वाळूच्या तळाशी थांबून मुळांना ओल देतं आणि पाऊस अति झाला की आपल्याच वजनानं खाली निघून जातं. तहान आणि पूर, दोन्हींची सोय एकाच बांधणीत झाली.

ग्रीनला छिद्रं पाडली तर कुरकुर करू नकोस

वर्षातून कधी तरी ग्रीनवर यंत्रानं छिद्रं पाडलेली दिसतील आणि सभासद चिडलेले दिसतील. पायाखाली, यंत्राखाली दबलेल्या मातीत हवा उरत नाही. हवा नाही म्हणजे मुळं वर सरकतात. छिद्रं पाडून मातीचे लहान लहान गड्डे बाहेर काढतात आणि त्या जागी वाळू भरतात. हरळी जोमात वाढते अशा उबदार दिवसांत हे काम केलं, तर दोन-तीन आठवड्यांत ग्रीन भरून येतं.

हेड माळ्याकडे मातीचा नमुना काढायची पोकळ नळी असते. तो नमुना काढत असेल तेव्हा जवळ जा आणि मुळं किती खोल गेलीत ते बघ. मध्येच काळा थर दिसला आणि सडक्या अंड्याचा वास आला, तर ओळख की तिथं पाणी कोंडलंय आणि हवा संपलीय. हा वास एकदा घेतलास की छिद्रांचा राग कायमचा जाईल.

आपली हरळी ओळख

उष्ण देशांत ग्रीनवर बर्म्युडा गवत लावतात, ती आपलीच हरळी. गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो, आणि शेतात तिच्या काशा वेचता वेचता शेतकरी मेटाकुटीला येतो, तीच. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन या गावी तिचा आफ्रिकेतल्या हरळीशी संकर करून बारीक पात्याची वाणं काढली. १९६५ चं टिफड्वार्फ त्यातलंच. त्याला रुजणारं बी धरत नाही, खोडांचे तुकडे लावूनच ते वाढवावं लागतं. म्हणून ते सगळीकडे एकसारखं दिसतं, आणि त्यात साधी हरळी घुसली की ग्रीनवर वेगळ्या रंगाचे चट्टे उठतात.

हरळीला सावली सोसत नाही. एखाद्या ग्रीनचा एकच कोपरा कायम रोगट असेल, तर सकाळी तिथं जा आणि पूर्वेच्या झाडाची सावली किती वाजेपर्यंत पडते ते बघ. औषधाआधी ऊन आणि वारा लागतो. हिवाळ्यात माळी पहाटे लांब बांबूची काठी फिरवून ग्रीनवरचं दव झाडतात, तेही रोग टाळण्यासाठीच. पात्यावर ओल जितकी जास्त वेळ राहते, तितकी बुरशीला संधी मिळते.

ग्रीनवरचं गवत तीन मिलिमीटरच्या आसपास कापतात, तेही फिरत्या दंडगोल पात्याच्या मोअरनं, कारण तो कात्रीसारखा कापतो. पात्याची धार गेली की गवताची टोकं फाटतात आणि ग्रीनवर पांढुरकी झाक येते. कापायची दिशा रोज बदलतात, तरी हरळी एका अंगाला कलतेच. ग्रीन चकाकताना दिसलं तर गवत तुझ्यापासून दूर कललंय, पुट जलद जाईल. गडद दिसलं तर ते तुझ्याकडे कललंय, जरा जोर लाव. होलच्या कडेकडेही बघ. जी कड फाटकी, झिजलेली असते, त्या बाजूला गवताचा कल असतो.

हिरव्या रंगाला भुलू नकोस

गर्द हिरवं मैदान टीव्हीवर छान दिसतं. रोज थोडं थोडं पाणी पाजलेल्या गवताची मुळं वरच राहतात, आणि एक दिवस पंप बंद पडला तरी गवत मान टाकतं. खोलवर पाणी देऊन मग जमीन सुकू दिली की मुळं पाण्यामागे खाली जातात. २००६ ची ब्रिटिश ओपन इंग्लंडमधल्या हॉयलेकला झाली तेव्हा मैदान वाळून तांबूस झालं होतं आणि चेंडू दूरवर पळत होता. टायगर वुड्सनं चार दिवसांत ड्रायव्हर एकदाच काढला, लोखंडी क्लबनं चेंडू नेमक्या जागी ठेवत गेला आणि जिंकला. त्या कोरड्या जमिनीनं स्पर्धेत डोकं चालवायला लावलं. आपल्याकडेही पाण्याची टंचाई असलेल्या अनेक ठिकाणी ग्रीनऐवजी तेल मारलेल्या वाळूचे ‘ब्राऊन’ होते आणि लोक त्यावर मनापासून खेळले. मैदान चांगलं की नाही, हे रंगावरून ठरवू नकोस. टाच दाबून बघ.

होल उलटा वाच

आखणी शिकायची असेल तर ग्रीनवर उभी राहा आणि टीकडे तोंड करून बघ. ग्रीनचं तोंड कुठल्या बाजूला उघडतं, तिथून फेअरवेची कुठली कड दिसते, आणि त्या कडेला जाण्याची किंमत काय ठेवलीय? सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर १७ वा, रोड होल, असा वाच. ग्रीन अरुंद आणि तिरकं, पुढे डावीकडे खोल बंकर, मागे रस्ता. दुसरा फटका सोपा जातो तो उजवीकडून, आणि उजवीकडेच हॉटेल आणि हद्दीची भिंत. धाडस कर आणि सोपा फटका घे, किंवा सुरक्षित जा आणि अवघड फटका घे. निवड खेळणाऱ्याची. डॉ. ॲलिस्टर मॅकेन्झी पेशानं डॉक्टर, बोअर युद्धात लपवलेले खंदक बघून आले आणि पुढे मैदानं आखू लागले. १९२० मध्ये त्यांनी आखणीवर पुस्तक लिहिलं. जास्त बंकर म्हणजे चांगलं मैदान, हे त्यांना मान्य नव्हतं. मोजके बंकर, पण प्रत्येक बंकर विचार करायला लावणारा.

आता स्कॉटलंडमधल्याच नॉर्थ बर्विकचा १५ वा, ‘रेडान’, घे. क्रिमियाच्या युद्धातल्या सेवस्तपोलच्या बुरुजाचं नाव त्याला मिळालं. ग्रीन पुढच्या उजव्या कोपऱ्यातून मागच्या डाव्या कोपऱ्याकडे तिरकं आणि उतरतं, पुढे डावीकडे बंकर. चेंडू उजवीकडे टाकायचा आणि जमिनीनं तो होलकडे न्यायचा. चार्ल्स ब्लेअर मॅकडॉनल्डनं हाच होल अमेरिकेत नेला आणि तिथून त्याच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या. पण ती जमीन भिजलेली असेल तर चेंडू पडल्या जागी रुततो आणि सगळी आखणी मुकी होते. आखणाऱ्याचा नकाशा बोलतो तो माळ्यानं जमीन कोरडी ठेवली तरच.

वेगाचा हट्ट धरू नकोस

१९३५ च्या यूएस ओपनमध्ये ओकमाँट मैदानाचे ग्रीन पाहून एडवर्ड स्टिम्पसनला ग्रीनचा वेग मोजायची पट्टी सुचली. पुढे १९७० च्या दशकात यूएसजीएनं ती ॲल्युमिनियमची करून मैदान राखणाऱ्यांना दिली. हेतू होता, आपल्याच मैदानावरचे अठरा ग्रीन एकसारखे ठेवणं. लोकांनी त्याची क्लबाक्लबांत चढाओढ केली. वेगासाठी गवत आणखी खाली कापावं लागतं, पात्याला ऊन घ्यायला जागा उरत नाही, मुळं आखडतात. शिवाय जुन्या ग्रीनचे सुंदर उतार संथ गवतासाठी काढलेले असतात. वेग वाढवला की चेंडू तिथं थांबत नाही, होल ठेवायला जागा मोजक्याच उरतात, त्याच जागा तुडवल्या जातात, आणि शेवटी ते उतारच सपाट करा अशी मागणी येते.

हातानं करायच्या गोष्टी

चेंडू पडून ग्रीनवर खड्डा झाला तर काट्यानं माती खालून वर उचकटू नकोस, मुळं तुटतात. कडेचं गवत चारही बाजूंनी मध्यभागी ढकल आणि पुटरनं हलकेच दाब. लगेच दुरुस्त केलेला खड्डा काही दिवसांत भरतो, तसाच सोडलेला आठवडे घेतो. फेअरवेवरच्या डिव्हॉटमध्ये, म्हणजे फटक्यानं गवत उखडलेल्या जागेत, वाळू भर आणि पायानं सपाट कर. बंकरात उतरायचं ते खालच्या कडेनं, उंच कडा ढासळवू नयेत. होलमधून चेंडू काढताना कडेशी उभी राहू नकोस. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, आणि त्याभोवतीचं हातभर गवत दिवसभर सगळ्यांचे पाय सोसतं. म्हणून तर माळी होलची जागा बदलत राहतात. सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स आजही साधारणपणे रविवारी बंद असतो. जगातलं सर्वांत नावाजलेलं मैदान विश्रांती घेतं, तर आपल्या मैदानाला एक दिवस द्यायला सभासदांनी कचरू नये.

उद्या तू क्लबाच्या ग्रीन कमिटीवर जाशील, आणि जावंसच. तिथं लोक हिरवा रंग मागतील, वेग मागतील, नवे बंकर मागतील. तू तीन गोष्टी माग: निचऱ्याच्या पाइपांची आणि चरांची पावसाळ्याआधी तपासणी, वाळूसाठी कायमची तरतूद, आणि हेड माळ्याला बैठकीत खुर्ची. या तिन्हींचा फोटो चांगला येत नाही, म्हणून त्या मागायला कुणीतरी जाणतं माणूस लागतं. ते तू हो.