रोम आणि इराण : सव्वीस वर्षांचे युद्ध

इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या प्रारंभी पश्चिम आशियात दोन महासत्ता एकमेकींसमोर उभ्या होत्या. एक पूर्व रोमन साम्राज्य. त्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल. दुसरे सासानी घराण्याचे इराणी साम्राज्य; त्याची राजधानी टेसिफोन, आजच्या बगदादजवळ. आपल्याकडे उत्तरेत हर्षवर्धन आणि दक्षिणेत दुसरा पुलकेशी यांचा उदय झाला तो हाच काळ. या दोन साम्राज्यांत इ. स. ६०२ ते ६२८ असे युद्ध चालले. ते कोणी जिंकले, असा प्रश्न परीक्षेत आला तर 'रोम' असे उत्तर लिहावे लागेल व गुणही मिळतील. परंतु तेवढ्यावर थांबल्यास या युद्धाचा अर्थ हाती लागत नाही.

दोघांचे वैर जुने होते. आर्मेनियाचा डोंगराळ मुलुख, मेसोपोटेमियातील तटबंदीची शहरे आणि रेशमाच्या व्यापाराचे मार्ग यांवरून तीन-साडेतीन शतके लढाया होत आल्या होत्या. मात्र या वेळच्या युद्धाचे तात्कालिक कारण चमत्कारिक आहे. इराणचा राजा दुसरा खुस्रो याला स्वतःच्याच सेनापतीच्या बंडामुळे देश सोडून पळावे लागले. त्याने आश्रय घेतला तो शत्रूकडे, रोमन सम्राट मॉरिसकडे. मॉरिसने सैन्य देऊन ५९१ मध्ये त्याला पुन्हा गादीवर बसवले आणि बदल्यात आर्मेनियाचा मोठा भाग घेतला. म्हणजे उपकार झाला, पण तो फुकट नव्हता.

मॉरिसची तिजोरी मात्र रिकामी होत चालली होती. त्याने पूर्वी सैनिकांचा पगार कापण्याचा प्रयत्न केला होता. तेव्हाही बंड झाले होते. ६०२ च्या हिवाळ्यात खर्च वाचावा म्हणून त्याने डॅन्यूब नदीवरील सैन्याला घरी न परतता नदीपलीकडे शत्रूच्या मुलुखातच राहण्याचा हुकूम दिला. थंडीत, लुटीवर पोट भरून! सैनिक बिथरले. फोकास नावाच्या एका कनिष्ठ अधिकाऱ्याला पुढे करून ते राजधानीवर चालून आले. मॉरिसच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलांना मारण्यात आले व नंतर त्यालाही. खुस्रोला निमित्त मिळाले. उपकारकर्त्याच्या खुनाचा सूड घेतो, असे जाहीर करून त्याने चढाई केली. मॉरिसचा मुलगा म्हणून एक तरुणही पुढे उभा केला. सूड ही सबब होती. हवी होती ती गेलेली जमीन, असे माझे मत आहे. कारण ६१० मध्ये हेराक्लियसने फोकासला ठार केले, सूड पूर्ण झाला, तरी खुस्रो थांबला नाही.

पुढची पंधरा वर्षे इराणच्या विजयाची. ६१४ मध्ये जेरुसलेम पडले. ख्रिश्चनांना अत्यंत पवित्र असलेला क्रूस इराणात नेण्यात आला. ६१९ मध्ये अलेक्झांड्रिया व पाठोपाठ सारा इजिप्त गेला. इजिप्त हे राजधानीचे धान्याचे कोठार. तेथून येणारा गहू बंद होताच कॉन्स्टँटिनोपलच्या नागरिकांना सरकारकडून मिळणारा मोफत पाव बंद झाला.

बँकेत आकडेमोड करणाऱ्याचे लक्ष साहजिकच जमाखर्चाकडे जाते आणि या युद्धाचा खरा इतिहास मला तेथेच दिसतो. ६१५ मध्ये हेराक्लियसने चांदीचे नवे नाणे पाडले. त्यावर 'देवा, रोमनांना साहाय्य कर' अशा अर्थाची अक्षरे होती. सरकारी देणी त्या नाण्यात, पण जुन्या दराच्या निम्म्याने दिली जात. म्हणजे देवाचा धावा नाण्यावर आणि पगार निम्मा! ६२२ मध्ये चर्चमधील सोन्याचांदीची भांडी व दीपदाने कर्जाऊ घेऊन वितळवली गेली. उत्तरेकडील अवार टोळ्यांना शांत ठेवण्यासाठी दोन लाख सोन्याची नाणी कबूल करावी लागली. तरीही ६२६ मध्ये अवारांनी राजधानीला वेढा घातलाच. समोरच्या किनाऱ्यावर इराणी सैन्य येऊन ठेपले होते. रोमन आरमारामुळे त्याला समुद्र ओलांडता आला नाही.

त्यानंतर पारडे फिरले. हेराक्लियसने तुर्कांशी मैत्री केली, थेट इराणच्या काळजात मुसंडी मारली आणि डिसेंबर ६२७ मध्ये निनेव्हजवळ विजय मिळवला. खुस्रोच्या खजिन्यात संपत्ती होती, पण ती रयतेकडून कर पिळून साठवलेली. त्याच्यावर पुढे जे आरोप ठेवले गेले त्यांत करवसुलीचा जुलूम आणि सैनिकांना वर्षानुवर्षे सीमेवर डांबणे हे दोन्ही होते. फेब्रुवारी ६२८ मध्ये मुलानेच त्याला पदच्युत करून ठार करवले.

तह झाला. सरहद्द कोठे ठरली? युद्धापूर्वी होती तेथेच! सव्वीस वर्षांत दोघांनीही एक तसूभर जमीन कायमची मिळवली नाही. जे गेले ते मात्र परत आले नाही. इराणात लगेच प्लेगची साथ आली, तिग्रिसचे बंधारे फुटून सुपीक जमीन पाण्याखाली गेली आणि चार वर्षांत अनेक राजे-राण्या गादीवर येऊन गेल्या.

आणखी एक चूक दोघांनी केली होती. अरबस्तानच्या वाळवंटाच्या कडेला दोघांचीही मांडलिक अरब राज्ये होती. ती राखणदाराचे काम करीत. खुस्रोने आपल्या बाजूच्या हिरा येथील राजाला ठार करून ते राज्यच मोडीत काढले. रोमनांनी आपल्या बाजूच्या टोळ्यांचा तनखा थकवला. तनखा मागायला आलेल्या अरबांना, सम्राटाला स्वतःच्या सैनिकांचा पगार देणेच कठीण आहे, तुम्हाला कोठून देणार, असे सुनावून अधिकाऱ्याने हाकलले, अशी नोंद थिओफेनीस या ग्रीक बखरकाराने केली आहे. त्याच अरबांनी पुढे मुस्लिम सैन्याला गाझाकडची वाट दाखवली.

६३६ मध्ये यार्मूक नदीकाठी रोमन सैन्याचा धुव्वा उडाला व सीरिया गेला. ६३७ मध्ये टेसिफोन पडले. पाठोपाठ इजिप्तही गेला. रोमन साम्राज्य आक्रसून का होईना, पण टिकले. सासानी साम्राज्य संपले. शेवटचा राजा तिसरा यझ्दगर्द ६५१ मध्ये मर्वजवळ मारला गेला. पुढे जरथुष्ट्राचे अनुयायी समुद्रमार्गे गुजरातच्या किनाऱ्यावर आले. मुंबईचे पारशी त्यांचेच वंशज. त्यांच्या पंचांगातील वर्षे आजही ६३२ पासून, म्हणजे त्या यझ्दगर्दच्या राज्यारोहणापासून मोजली जातात.