३.४ छळ, निष्ठा आणि भविष्यवाणीचे वाचन

इ. स. पू. १६७ च्या सुमारास चौथ्या अँटिओकस राजाने यहुद्यांच्या शब्बाथ व सुंता या आचारांवर बंदी घातली. ‘दानीएल’ या ग्रंथाला अंतिम रूप याच छळकाळात लाभले, असे बहुतेक आधुनिक अभ्यासक मानतात. त्यामुळे त्यातील दृष्टान्त त्यांना पीडितांना दिलेला धीर वाटतात. श्रद्धावान परंपरा मात्र ती बॅबिलोनकालीन भविष्यवाणी मानते.

याच छळातून निसटलेले आपले पूर्वज नौका फुटून अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्याला लागले, असे बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. कोकणात छळ नव्हता. कसोटी विस्मरणाची होती. ग्रंथ समुद्रात गेले, तरी शनिवारी घाणा बंदच राहिला. म्हणूनच त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले.

स्वाध्याय : निष्ठा ग्रंथामुळे टिकते की आचारामुळे? वरील दोन्ही उदाहरणांच्या आधारे चर्चा करा.