तळ्यात सोडलेला मासा

शहरातले तळे वरून शांत दिसते. पण पाण्याच्या आत मोठा संसार चाललेला असतो. शेवाळ असते, किडे असतात, झिंगे असतात. बेडकाची पिल्ले असतात. मरळीसारखे मासे असतात. एकाच्या जिवावर दुसरा जगतो. कोणी फार वाढत नाही, कोणी अगदी संपत नाही.

या संसारात बाहेरचे पाहुणे आले. तिलापिया हा मूळचा आफ्रिकेतला मासा. तो १९५२ साली भारतात आणला. आपल्याकडे त्याला चिलापी म्हणतात. लोकांना स्वस्त मासळी मिळावी, हा हेतू चांगलाच होता.

पण चिलापीची रीत निराळी. रोहू पावसाळ्यात, वाहत्या पाण्यात अंडी घालतो. साचलेल्या तळ्यात घालत नाही. चिलापी तळ्यातच अंडी घालते, आणि वर्षातून अनेक वेळा घालते. मादी अंडी तोंडात धरून सांभाळते. धोका दिसला की पिल्लांनाही तोंडात घेते. म्हणून पिल्ले पुष्कळ जगतात आणि तळे भरून जाते. मग तोंडे फार, अन्न थोडे! मासे खुरटतात. आपल्या जुन्या माशांनाही खायला उरत नाही. भोयाचे जाळे जड होते, पण बारक्या माशाला भाव कोण देणार?

दुसरा पाहुणा गॅम्बुशिया. डासांच्या अळ्या खातो म्हणून तो १९२८ साली आणला. अळ्या तो खातो, हे खरे. पण दुसऱ्या माशांची अंडी आणि बेडकाची पिल्लेही खातो. म्हणून असा मासा बंद हौदात बरा, तळ्यात नको.

तिसरा पाहुणा आपण स्वतःच सोडतो. मुलांसाठी काचेच्या पेटीत मासे आणतो. मासा मोठा झाला, पेटी लहान पडली, की म्हणतो, "जाऊ दे बिचारा तळ्यात. तेवढेच पुण्य!" दया चांगली. पण एका जिवाला वाचवताना शंभर जिवांचे अन्न जाऊ शकते. एकदा तळ्यात पसरलेला मासा पुन्हा वेचून काढणे फार कठीण.

मग काय करावे? नकोसा मासा दुकानदाराला परत द्यावा, किंवा पाळणाऱ्या दुसऱ्या घरी द्यावा. तळ्यात, ओढ्यात, गटारात सोडू नये. पाहुणा आणण्याआधी घर केवढे आहे, ते आपण पाहतोच ना?

वाचा व सांगा :
१. चिलापीची पिल्ले जास्त का जगतात?
२. जाळे भरले तरी भोयाचे नुकसान का होते?
३. तुमच्या जवळच्या तळ्यात कोणते मासे आहेत? जुन्या माणसांना विचारा आणि त्यांची नावे वहीत लिहा.