मनगटाच्या एक्स-रेत दडणारं हाड

प्रश्न : मी एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स करते. आमच्या दांड्यात ओल्या होडीवर पाय घसरून हात टेकून पडणं नेहमीचंच. मनगटाचे दोन एक्स-रे काढल्यावर वेगळा ‘स्कॅफॉइड व्ह्यू’ कशासाठी?
— एक विद्यार्थिनी, खारदांडा

उत्तर : मनगटात आठ छोटी हाडं, दोन ओळींत. अंगठ्याच्या बाजूचं स्कॅफॉइड त्यात तिरकं बसलेलं असतं. त्याचं पुढचं टोक तळहाताकडे झुकतं. म्हणून साध्या पीए व्ह्यूत ते आखूड दिसतं आणि बारीक फ्रॅक्चर सहज निसटतं.

स्कॅफॉइड व्ह्यूसाठी पेशंटला बसवा, कोपर काटकोनात, खांदा-कोपर-मनगट एका उंचीवर, तळहात कॅसेटवर पालथा. आता पुढचा हात न हलवता पंजा करंगळीकडे वळवायला सांगा. हाड लांब, मोकळं दिसतं. काही ठिकाणी ट्यूब कोपराकडे २० अंश तिरपी करतात. दुखत असेल तर पंजा स्वतः ओढू नका. जेवढा वळेल तेवढा पुरे. मार्कर मात्र आधी लावा. घाईत उजवं-डावं चुकलं, तर उत्तम पोझिशनिंगही वाया.

अंगठा ताणल्यावर मुळाशी खळगा पडतो, तिथे दाबल्यावर दुखत असेल तर फॉर्मवर लिहा. पहिली फिल्म नॉर्मल आली तरी डॉक्टर अनेकदा मनगट बांधून १०-१४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे सांगतात. या हाडाला रक्तपुरवठा मुख्यतः पुढच्या टोकाकडून होतो. फ्रॅक्चर नजरेतून सुटलं, तर मागचा तुकडा मरू शकतो.