एकदा शिकले म्हणजे झाले का? – बालदंत दवाखान्यातील सेवकांच्या शिक्षणाविषयी



आदिवासी पाड्यांवरील मुलांच्या दातांच्या दवाखान्यासाठी खुर्ची, दिवा किंवा ऑटोक्लेव्ह घ्यायचा म्हटले की आपली मंडळी आनंदाने हातभार लावतात. अंदाजपत्रकात ‘सेवकांचे प्रशिक्षण’ ही ओळ आली की मात्र एक प्रश्न हमखास येतो : शिकलेलीच माणसे नेमली आहेत ना, मग पुन्हा पुन्हा शिकवायचे कशाला? प्रश्न रास्त आहे. प्रशिक्षणाच्या दिवशी दवाखाना बंद राहतो आणि लांबून चालत आलेल्या आईला परत जावे लागते. ही किंमत लहान नाही. म्हणून या पाठात आपण उत्तर रोजच्या कामातच शोधू या.

मी दंतवैद्य नाही. मुलांच्या नोंदी, पालकांशी बोलणे आणि घरभेटी हे माझे काम. त्यामुळे येथे मी डॉक्टरांपेक्षा नोंदणीच्या टेबलावरील ताई, खुर्चीजवळची मदतनीस आणि अवजारे धुणारे दादा यांच्याविषयी अधिक लिहिते.

१. वजनाची नोंद

दाढ काढण्यापूर्वी जागा बधिर करण्यासाठी लिग्नोकेनचे इंजेक्शन देतात. मुलांसाठी त्याची मर्यादा वयावर नव्हे, वजनावर ठरते. अमेरिकेतील बालदंतवैद्यांच्या अकादमीच्या मार्गदर्शनानुसार ती दर किलोस ४.४ मिलिग्रॅम आहे. २ टक्के द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे २० किलोच्या मुलासाठी मर्यादा साधारण ४.४ मिलिलिटर, तर १४ किलोच्या मुलासाठी जेमतेम ३ मिलिलिटर. सहा वर्षांचे मूल २० किलोच्या आसपास असेल असे शहरात धरून चालता येईल. कुपोषणाच्या भागात त्याच वयाचे मूल १४ किलोचेही असू शकते.

हिशेब डॉक्टर करतात, पण आकडा ताई लिहिते. आकडा कशासाठी लागतो हे तिला ठाऊक असेल, तर ती वजन आईला विचारून लिहिणार नाही, की जुन्या केसपेपरवरून उतरवणार नाही. ती मुलाला काट्यावर उभे करील.

२. सिकलसेलचा प्रश्न

राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवावा, हे त्याचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रातील आदिवासी पट्ट्यात, नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत, हा आजार घराघरांत माहीत आहे.

दातांशी त्याचा संबंध काय? दाढेत झालेला पू, ताप, शरीरातील पाणी कमी होणे, थंडी आणि भीती यांपैकी कशानेही सिकलसेलच्या रुग्णाला तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणून अशा मुलाला तहानलेले रांगेत बसवून ठेवायचे नाही, गार फरशीवर बसू द्यायचे नाही आणि त्याची दाढ सुजली असेल तर ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणायचे नाही. वाहक आणि रुग्ण यांतील फरकही सर्वांना कळला पाहिजे. नाहीतर निरोगी वाहक मुलाला उगाच घाबरवले जाते आणि खऱ्या रुग्णाकडे दुर्लक्ष होते. जुन्या केसपेपरवर हा रकानाच नव्हता. तो छापून घेणे सोपे; तो रोज भरला जावा यासाठी मात्र शिकवावे लागते.

३. उपचार बदलतात

पाऱ्याच्या मिश्रणाची चांदी दातांत भरणे ही वर्षानुवर्षांची रीत. मिनामाटा करारातील देशांनी २०२२ मध्ये असे ठरवले की दुधाच्या दातांसाठी आणि १५ वर्षांखालील मुलांसाठी तिचा वापर टाळावा. दुसरीकडे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. ते किडलेल्या भागावर नुसते लावले जाते. यंत्राने कोरावे लागत नाही, सुई लागत नाही आणि कीड बहुधा थांबते. जिथे वीज जाते-येते, तिथे हे केवढे मोठे साहाय्य आहे!

पण या औषधाने किडलेला भाग कायमचा काळा पडतो. आईला हे आधी फोटो दाखवून, तिच्या भिलीत किंवा पावरीत सांगितले नाही, तर ती घरी जाऊन म्हणेल, “दवाखान्यात माझ्या लेकराचा दात जाळला.” मग त्या पाड्यावरून कोणीही येणार नाही. बाटली देणगीतून येते, पण हे समजावणे मदतनिसाला शिकूनच येते.

४. एकच शब्द, सर्वांच्या तोंडी

अमेरिकन बालदंतवैद्य ॲडलस्टन यांनी १९५९ मध्ये मुलांसाठी एक सोपी पद्धत मांडली : आधी सांगा, मग दाखवा, मग करा. पण टेबलावरील ताईने “काही टोचणार नाही” म्हणायचे आणि आत डॉक्टरांनी सुई काढायची, असे झाले तर मुलाचा विश्वास उडतो. म्हणून ही गोष्ट सर्वांनी एकत्र बसूनच शिकायची असते.

५. न बोललेले ओळखणे

फाटलेला ओठ किंवा तुटलेला दात दर वेळी पडल्यामुळेच असतो असे नाही. पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असलेल्या कोणत्याही व्यक्तीवर ती पोलिसांना कळवण्याची जबाबदारी आहे. फक्त डॉक्टरांवर नाही. अवजारे धुणाऱ्या दादांवरही. १०९८ हा क्रमांक भिंतीवर असून भागत नाही. तो केव्हा फिरवायचा हे ठाऊक हवे.

शास्त्रातील एक आठवण

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १८ मध्ये अपुल्लोस भेटतो. तो विद्वान होता, आवेशाने शिकवत होता, तरी त्याचे ज्ञान अपुरे होते. तंबू करणाऱ्या प्रिस्किल्ला व अक्विल्ला यांनी त्याला चारचौघांत लाजवले नाही. आपल्याकडे नेऊन अधिक नीट समजावले. शिकलेल्याला पुन्हा शिकवण्याची ही रीत आम्हाला उपयोगी वाटते.

आम्ही काय करतो

दर तिमाहीत अर्धा दिवस, एकच विषय. तारीख महिनाभर आधी पाड्यांवर कळवतो, म्हणजे कोणाची फेरी फुकट जात नाही. महिन्याने कोणतेही दहा केसपेपर काढून पाहतो : वजन आहे का, सिकलसेलचा रकाना भरला आहे का? जे राहिले असेल, तोच पुढच्या वेळचा पहिला धडा. मुलांवरील प्रथमोपचार व हृदय-श्वसन पुनरुज्जीवनाचा सराव दर दोन वर्षांनी जाणकारांकडून पुन्हा करून घेतो. वापर नसला की हात विसरतात.

आपल्या अभ्यासगटात दोन प्रश्नांवर बोलावे :
– आपण वस्तूंसाठी देतो, तसे माणसांच्या शिकण्यासाठी देतो का?
– आपल्या मंडळीत परिचारिका, शिक्षक किंवा भाषा जाणणारे कोणी आहेत का, जे अर्धा दिवस येऊन शिकवू शकतील?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर आम्हाला अवश्य कळवा. पुढील तिमाहीचा विषय ‘दुधाच्या दातांची घरची काळजी’ हा आहे आणि तो पावरीत शिकवणारी व्यक्ती आम्ही शोधत आहोत.