आधी पाणी तपासा, मग यंत्र घ्या

तेल्हाऱ्यात पाण्याची परीक्षा पूर्वापार चुलीवरच होत आली आहे. तुरीची डाळ शिजत नाही, गुंडीच्या आत पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही, म्हणजे पाणी खारं. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं आमचं गाव. नदीच्या जाड गाळात क्षार साठलेले; विहिरीला, बोअरला तेच लागतात. वान धरणाचं पाणी आलं तिथे मोठी सुटका झाली. पण नळ चार दिवस आला नाही की बाया पुन्हा हापशीकडे वळतात, आणि नेमके त्याच दिवसांत पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणारे दारोदार फिरतात.

असाच एक जण आमच्या ओसरीवर आला. दोन ग्लास मांडले. एकात आमच्या बोअरचं पाणी, दुसऱ्यात त्याने बाटलीतून आणलेलं. दोन्हींत विजेच्या सळया सोडल्या. मिनिटभरात आमच्या ग्लासात तांबूस-काळपट गाळ उसळला. त्याचं पाणी नितळच.

“मावशी, हे जहर पिता तुमी. आर्सेनिक हाये याच्यात!”

आईचा चेहरा उतरला. मी त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं आणि सळया पुन्हा सोडायला लावल्या. तोही ग्लास तसाच गढूळ झाला. क्षार असले की पाण्यातून वीज चांगली वाहते आणि लोखंडी सळई झिजून तिचाच गंज पाण्यात उतरतो. बोअरमध्ये तो गाळ नव्हताच. आमच्या नात्यातल्या एका घराने मात्र घाबरून यंत्र घेतलं, तेही अतिनील दिव्याचं. दिवा जंतू मारतो, क्षारांना हात लावत नाही. खारंच पाणी ते घर शुद्ध समजून पीत राहिलं, याची मला आजही चीड येते.

आर्सेनिकचं भय खोटं नाही. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात हातपंपांच्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याने लाखो लोकांना बाधा झाली. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. ते काढायला लोखंडाचा गंजच उपयोगी पडतो. आर्सेनिक त्याला चिकटतं आणि मग गाळून वेगळं करता येतं. आपल्याकडचे क्षार तसे चिकटत नाहीत. म्हणून एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. तुरटीने गढूळपणा बसतो, क्लोरीनने जंतू मरतात. उकळण्यानेही जंतूच मरतात. पाणी आटलं की क्षार आणि नायट्रेट उलट दाट होतात. वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या घरी हे पक्कं लक्षात ठेवा, कारण नायट्रेट बाळाच्या रक्तातली प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करतं.

तेव्हा आधी तपासणी. ग्रामपंचायतीत विचारा, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत चौकशी करा. अहवालात विरघळलेले क्षार पाहा: लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर २००० ही शेवटची हद्द. नायट्रेट ४५ आणि फ्लोराइड १.५ च्या वर नको. हातातला टीडीएस मीटर फक्त क्षारांचा अंदाज देतो. जंतू किंवा आर्सेनिक त्याला कळत नाही.

क्षार जास्त निघाले तर पडद्यातून पाणी गाळणारा आरओ लागतो. पण बसवून विसरू नका. बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस अधूनमधून मोजा; चढू लागला की पडदा बदला. वाया जाणारं पाणी फरशीला, संडासाला वापरा, झाडांना घालू नका; आपली काळी माती आधीच क्षारांनी घट्ट झालेली आहे.

माझा खरा भरवसा पावसाच्या पाण्यावर आहे. ५०० चौरस फुटांच्या छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण ३२ हजार लिटर पाणी होतं. पाव भाग वाया गेला तरी चौघांचं पिणं-रांधणं वर्षभर निघतं. पहिल्या सरींचं पाणी सोडून द्या, टाकी झाकून ठेवा, प्यायच्या आधी उकळा.

आणि घरात कुणाच्या पायांवर, चेहऱ्यावर सूज दिसली तर किडनीची शंका घ्या, नुसतं पाणी बदलून थांबू नका. क्रिएटिनिन, लघवी, रक्तदाब, साखर तपासून घ्या, आणि अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेणं बंद करा. किडनी बिघडण्याचा दोष नुसता पाण्याला देऊ नका; रक्तदाब, साखर आणि या गोळ्या हीही कारणं असतात, आणि ती लवकर सापडली तर उपचाराला वाव राहतो.