तोमार: पाण्याच्या वाटेनं गडावर

गडावर पोचलं की आपण आधी टाकं शोधतो. पोर्तुगालमधल्या तोमारला मात्र आधी पाणी शोधा आणि त्याच्या मागोमाग गडावर या. आम्ही तसेच आलो, फजिती झाली, तरी सल्ला तोच.

लिस्बनहून तोमारला थेट रेल्वे आहे, साधारण दोन तास. स्टेशनवरून किल्ला चालत गाठता येतो. पण आम्ही टॅक्सीने आधी गावाबाहेर पेगोंइशला गेलो. गडावरच्या ख्रिस्ती मठाला पाणी आणणारा सहा किलोमीटरचा जलसेतू इथे दरी ओलांडतो: कमानींवर कमानी, उंची तीसेक मीटर. १५९३ ला काम सुरू झालं, १६१४ ला संपलं. माथ्यावरून चालता येतं, असं ऐकलं होतं. येतंही. पण वाट अरुंद, कठडा नाही. सह्याद्रीत कडे चढलेला मी अर्ध्या वाटेत मटकन बसलो आणि बसल्या बसल्याच मागे सरकत आलो. सोबतचा भाचा हसला. समोर एक जोडपं कडेवर पाय सोडून फोटो काढत होतं, शेजारी त्यांच्याच प्लास्टिकच्या बाटल्या. ‘खरे ट्रेकर’ म्हणवणाऱ्यांचा हा नमुना जगात सगळीकडे सारखाच.

मग खालून, कमानी धरून निघालो. कमानी शेतांत शिरतात, वाट शिरत नाही. जुलैची दुपार, दोघांत एकच बाटली आणि डोक्यावर पाण्याची नहर, तीही ठणठणीत कोरडी! दोनदा चुकलो, एकदा कुत्रं मागे लागलं. दारात पोचलो तर रखवालदाराने घड्याळावर बोट ठेवलं. मठ बंद व्हायच्या बऱ्याच आधी प्रवेश थांबतो. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, आदल्या दिवशी बघून ठेवा.

गावात मुक्काम पडला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बाहेरून पाणी आणणारा किल्ला म्हणजे काय? वेढा घालणाऱ्याने एक कमान फोडली की संपलं! म्हणजे हा जलसेतू बांधला तेव्हा इथे वेढ्याची भीती कुणालाच उरली नव्हती. किल्ल्याचा तोवर मठ झाला होता, हे कमानीच सांगतात.

इतिहास उभ्या उभ्या: ११६० मध्ये पोर्तुगालमधल्या टेम्पलर, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्या सरदारांचा प्रमुख ग्वाल्दीं पाइश याने किल्ल्याचा पाया घातला. ११९० मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या अलमोहाद राजवटीच्या फौजेचा वेढा पडला, गड टिकला. तटाचा तिरका, उतरता पायथा मुद्दाम बघा. शिडी लावायची किंवा सुरुंग खणायचा म्हटलं तर तो फार नडतो. १३१२ मध्ये पोपने टेम्पलर संघ मोडला. १३१९ मध्ये त्याच्या जागी ख्रिस्ताचा संघ आला; पाटी बदलली, मालमत्ता तीच. वास्को द गामाच्या शिडांवरचा क्रूस या संघाचा. १५२९ मध्ये राजा तिसऱ्या जुआंवने सरदारांचे मठवासी केले.

दुसऱ्या दिवशी दार उघडताच आत शिरलो. सहलींच्या बस यायच्या होत्या. शारोला, म्हणजे टेम्पलरांचं गोल देऊळ, आम्हा दोघांनाच मिळालं. बाहेरून सोळा बाजूंचा बुरूजच; आत आठ खांबांचा उंच गाभारा आणि भोवती प्रदक्षिणामार्ग. सरदार घोड्यावर बसूनच इथे प्रार्थना ऐकत, अशी दंतकथा आहे. पुढे राजा मानुएलच्या काळात गोलाची भिंत फोडून लांब सभागृह जोडलं. त्याच्या पश्चिम भिंतीवरची खिडकी (दिओगु द आर्रुदाचं काम, १५१०–१३) सांता बार्बरा चौकातून बघा: दगडात दोरखंड, गाठी, पोवळी, समुद्रशेवाळ. या शैलीची धाकटी बहीण जुन्या गोव्यात, सेंट फ्रान्सिस चर्चच्या दरवाज्यात आहे. शारोलापासून सुरुवात करा; बहुतेक गर्दी खिडकीपाशी फोटोला थांबते.

चौक बरेच आहेत. राजा जुआंवचा मोठा इटालियन थाटाचा चौक सगळे बघतात. तुम्ही दर्यावर्दी राजपुत्र हेन्रीच्या काळातला धुण्याचा चौक चुकवू नका. तिथे पावसाचं पाणी साठवणारे हौद आहेत. नहरेच्या आधी गड जगला तो अशाच हौदांवर. आपल्या टाक्यांचेच भाऊबंद.

तेव्हा दोन दिवस ठेवा. माथ्यावरची वाट डोळे फिरत असतील तर सोडा, त्यात कमीपणा नाही. माणशी दोन बाटल्या घ्या आणि रिकाम्या परत आणा. नहरेच्या भरवशावर राहू नका.